हुबेहूब डोळा

खोटे डोळे बनवणाऱ्या माणसाला गल्लीत सगळे ‘किमयागार’ म्हणत. नाव मुळात बायकोने ठेवलेलं, तेही चिडून. रंगांच्या बाटल्या आणि मेणाचे गोळे यांनी तिचं अर्धं कपाट बळकावलं होतं ना! “लोखंडाचं सोनं करून दाखवा, मग हा पसारा खपवून घेईन,” असं ती अजूनही ऐकवायची.

किमयागारांचा दात होता तो कवींवर. “यांच्या नायिकांना डोळे नसतातच हो! नीलम असतात, पाचू असतात. साधा चहाच्या रंगाचा डोळा एकालाही दिसला असेल तर शपथ!” स्वतः ते फोटोवरून काम करत नसत. माणसाला सकाळच्या उजेडात खिडकीशी बसवायचं आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात बघत दुसरा रंगवायचा, ही त्यांची रीत. पांढऱ्या भागावर तांबड्या रेशमाचे तंतू चिकटवून ते शिरासुद्धा काढत. हुबेहूब हा त्यांचा लाडका शब्द होता, आणि हाताचा गर्वही भरपूर होता.

एके दिवशी त्या खिडकीशी शाळेत भाषा शिकवणाऱ्या बाई येऊन बसल्या. आजारात त्यांचा डावा डोळा काढावा लागला होता. तेव्हापासून त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

“यंदाच्या पुस्तकात एक कविता आहे,” बाई म्हणाल्या. “सगळी डोळ्यांवर. एका डोळ्यात नीलम, दुसऱ्यात अख्खं आभाळ. मी ती वाचायला लागले की चाळीस पोरं माझ्याच तोंडाकडे बघणार. नाही जमणार मला. राजीनामा देऊन टाकते.”

“आधी डोळा तर होऊ द्या.”

“मग नीलमच बसवा एखादा. निदान कविता तरी खरी ठरेल.”

“नीलम बसवला तर लोक नीलम बघतील. तुम्हाला कोण बघणार?”

बाई हसल्या नाहीत. हातातल्या रुमालाची घडी घालत, मोडत राहिल्या. किमयागार मात्र डोळ्यांत तेल घालून कामाला लागले. पातळ तपकिरी रंग, कडेला किंचित हिरवट. पांढऱ्यात तांबड्या शिरा इतक्या की रेशीम पुरवून पुरवून वापरावं लागलं. एकही शीर त्यांनी सोडली नाही. डोळा बसवला तेव्हा कुठला खरा ते बायकोलाही सांगता येईना, आणि किमयागारांची कॉलर ताठ झाली.

दोनेक महिन्यांनी बाई पुन्हा दारात उभ्या राहिल्या. किमयागारांनी त्यांना थेट खिडकीशी नेलं. डोळे जुळत नव्हते! उजवा स्वच्छ, टवटवीत, आणि डावा नुकताच रडून उठल्यासारखा. रंग उडाला? तंतू सुटले? त्यांनी डोळा काढून घेतला, भिंग लावून उलटसुलट पाहिला. काडीचाही फरक नव्हता. जसा दिला तसाच होता.

“पोरं विचारतात,” बाई म्हणाल्या, “बाई, तुमचा एकच डोळा का रडतो?”

“पोरं? म्हणजे तुम्ही शाळेत...”

“जाते की! पहिल्याच दिवशी तीच कविता काढली, म्हटलं होऊन जाऊ दे एकदाचं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, बाई, डोळ्यात नीलम गेला तर खुपत नाही का? वर्ग असा हसला म्हणून सांगू! मीही हसले. त्या दिवसापासून झोप लागते हो मला.”

किमयागारांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. त्या सकाळी समोर बसलेली बाई कित्येक रात्री जागलेली, रडलेली होती, आणि त्यांनी तिचं ते रडणंच मन लावून उतरवून घेतलं होतं. आपली चूक इतकी गोड लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

नवा डोळा त्यांनी पुन्हा त्याच खिडकीशी रंगवला. या वेळी चार तंतू पुरले.

“एवढेसे तरी कशाला?” बाईंनी आरशात बघत विचारलं.

“वह्या तपासणाऱ्या माणसाला तेवढे हवेतच.”

बाई खळखळून हसल्या. मग तळहातावरच्या जुन्या डोळ्याकडे बघत म्हणाल्या, “आणि याचं काय करायचं?”

“ठेवा इथंच,” किमयागार म्हणाले. “आहे तो हुबेहूबच. फक्त आता तुमचा राहिला नाही.”