मूठ ज्या घरची, हुकूम त्या घरचा

घाटंजीच्या स्टँडवर दिग्रसकडची एसटी येऊन थांबली आणि कंडक्टरने मला दारातूनच हाक मारली. "बाई, तुमची पार्बतामाय गेली... सकाळीच. चहा पेता पेता." मी शाळेत शिकवायला निघाले होते. तीच गाडी थोड्या वेळाने परत फिरायची होती, म्हणून शाळेत निरोप धाडला आणि गाडीत जाऊन बसले. तेव्हा मनात पहिला विचार कोणता आला, सांगू? कप पुरा झाला होता की नाही! अर्धा चहा टाकून उठणारा माणूस आमच्या बाईला मुळीच खपत नसे. "पुरा पे, नाईतर मांगू नको," असं ती पाहुण्याला तोंडावर सांगायची. घरी पोचल्यावर मी आधी तेच विचारलं. कप रिकामा होता. मग मला जरा बरं वाटलं. आता कोणी मला वेडी म्हणो.

पार्बताबाई माझी थोरली जाऊ. दिग्रसच्या आमच्या वस्तीची ती पार्बतामाय, आणि माझी नुसती 'बाई'. मी लग्न होऊन आले ते नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी. सातवी पास सून आली म्हणून सासरी कौतुक होतं, पण बाईने पहिल्याच दिवशी मला भिंतीवर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद दाखवून म्हटलं, "वाच." मी वाचलं. तिने शेजारणीला बोलावून आणलं, मला परत तेच वाचायला लावलं आणि दोन्ही वेळेला तेच शब्द आले तेव्हा म्हणाली, "हां, येते इले." कोणावरही एकदम विश्वास टाकायचा नाही, हा तिचा स्वभाव. पण त्यात कडूपणा म्हणून नव्हता हो! उलट तिला त्यात मजाच वाटायची. बाजारात एकदा दंतमंजन विकणारा गळा फाडून ओरडत होता, की या मंजनाने म्हाताऱ्याचे दात पोलादाचे होतात. बाई गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि म्हणाली, "भाऊ, जरा हास बरं." तो बिचारा हसला. तोंडात मोजून तीन दात! सारा बाजार खदखदला, आणि बाईने त्याच्याकडून मंजनाची एक पुडी विकतही घेतली. "त्याच्या लेकरायचं काय चुकलं?" म्हणाली. पुढे कित्येक दिवस त्या मंजनाने घरातली पितळेची भांडी लख्ख निघाली.

आता त्या छपराची गोष्ट. दीक्षेनंतर आमच्या वस्तीत विहार बांधायचं ठरलं. पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी माती तुडवून कच्च्या विटा पाडल्या, भिंती उभ्या केल्या. छपराची जबाबदारी बायांनी घेतली. आम्ही बहुतेक जणी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसावर कामाला. हातात रोकड ती किती असणार? म्हणून बाईने रीत घातली. रोज भाकरीचं पीठ दळायला ज्वारी घेताना प्रत्येक घराने एक मूठ बाजूला ठेवायची. शनिवारी बाई डोक्यावर टोपलं घेऊन घरोघर फिरायची. ती ज्वारी आमच्या ओसरीतल्या कणगीत साठत गेली. ज्या घरी त्या आठवड्यात चूलच नीट पेटली नाही, तिथे बाई टोपलं उतरवून नुसती गप्पा मारून यायची. उन्हाळा आला तोवर कणगी काठोकाठ झाली. पण ती विकून अर्ध्याच छपराचे पत्रे येत होते. आणि मिरगाच्या पावसाआधी छप्पर चढलं नाही, तर कच्च्या विटांच्या भिंतींचा पुन्हा चिखल होणार! त्या विहारात मी बायांचा वर्ग चालवणार होते. पाट्या आणून ठेवल्या होत्या, तेव्हा जीव माझाही टांगणीला लागला होता.

अशा वेळी जावईबापू आले. महादबा म्हणजे आमच्या वस्तीतले वडीलधारे पंच. त्यांची सुमन नागपूरकडे दिली होती. तिला माहेरी घेऊन आलेला तिचा नवरा दादाराव. पांढराशुभ्र सदरा, खिशाला पेन, केसांना चापूनचोपून तेल. बसल्या बसल्या त्यांनी ओळखलं की छप्पर अडलंय. म्हणाले, "ज्वारी इकून पैसा माह्या हाती द्या. मी रुईच्या वायद्यात लावतो. मिरगाच्या आत दुप्पट. पुरं छप्पर चढते का नाई पाहा!" वायदा म्हणजे कापूस अजून बोंडातसुद्धा नाही, आणि त्याच्या भावावर आजच पैज लावायची. महादबा तर हरखून गेले. आमचे हेसुद्धा मान डोलवायला लागले. अन् नाही तरी कसं म्हणणार? जावई म्हणजे साऱ्या वस्तीचा जावई. त्याला तोंडावर 'नाही' म्हटलं तर सुमनचं सासरी नाक कापलं जाणार.

सगळे बाईकडे बघायला लागले. बाईने पदर खोचला आणि अशी गोड हसली की मला भीतीच वाटली. "जवाईबापू, लय चांगली गोष्ट हाय. पन थे ज्वारी माही नाई. मूठ ज्या घरची, हुकूम त्या घरचा. तुमी असं करा, सकाळपासून घरोघर जा. बायायले समजावून सांगा. जे हो म्हनीन, तिच्या घरची ज्वारी तुमची." दादाराव खूश. त्यांना वाटलं, बायाच त्या, काय विचारणार!

पण जावई घरी आला तर त्याला कोरडा पाठवतात का कुठे? दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी शेवया झाल्या. दुसऱ्या घरी भजी. तिसरीकडे गुळाचा चहा आणि वर आग्रहाचं पिठलं-भाकर. प्रत्येक बाई जेवायला वाढायची, समोर बसायची आणि म्हणायची, "सांगा आता." अन् बापू सांगायचे. पाचव्या घरी ते ढेकर देत सांगत होते. आठव्या घरी त्यांनी कमरेची नाडी सैल केली. घासागणिक गोष्ट वाढत गेली ती वेगळीच! एकीला म्हणाले दुप्पट, दुसरीला अडीचपट. एकीला सांगितलं की पैसा अकोल्याच्या शेठकडे राहील, दुसरीला मुंबईच्या. एकीला म्हणाले, यात तोटा होतच नाही. पलीकडच्या म्हातारीने खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, तोटा झालाच तर सर्वांनी वाटून घ्यायचा.

उन्हं कलल्यावर आमच्या अंगणात बाया जमल्या. बापू खाटेवर पडले होते, बसवतसुद्धा नव्हतं. आणि बायांनी एकमेकींना विचारायला सुरुवात केली, तुले काय सांगतलं, मले त असं सांगतलं... एकेक गोष्ट निघाली की दुसरी हसून लोळायची. बापू लाल. शेवटी बाईने तिचा एकच प्रश्न विचारला, अगदी मायेने. "बापू, याच्यात तुमचे किती हायत?"

"माहे नाई," बापू म्हणाले. "मी दुसऱ्यायचा पैसा फिरवतो. सोताचा लावाचा नाई, धंद्याचा नेमच हाय तसा."

"अवो बापा!" बाईने कपाळाला हात लावला. "रांधनारीच सोताच्या हातचं खात नाई, त लोकायनं कायले खावं? हे त आयजीच्या जिवावर बायजी उदार झालं!"

अंगणभर हसू पिकलं. मीही हसत होते, पोट धरून. पण बाई एकाएकी थांबली. तिची नजर सुमनवर गेली होती. सुमन दाराआड उभी होती आणि पदराने दोन्ही हात झाकून घेत होती. लग्नात महादबांनी तिला चांदीच्या पाटल्या घातल्या होत्या. आता मनगटं मोकळी. तेव्हा आम्हाला कळलं. बापूंचे स्वतःचे पैसे आधीच वायद्यात बुडाले होते. पाटल्या गेल्या, घरची भांडीही गेली, आणि आता आमच्या मुठींवर ते सारं परत आणायला निघाले होते. दादाराव खाली मान घालून म्हणाले, "माय, या टायमाले भाव नक्की चढनार होता..." असं अगदी खरं वाटून म्हणाले हो! तो माणूस लबाड नव्हताच. आधी स्वतःलाच फसवून आला होता. त्या क्षणी मला त्याचा राग आला आणि सुमनसाठी आतडं तुटलं.

दुसरं कोणी असतं तर त्याला हाकललं असतं. बाईने काय करावं? सकाळी त्याच्या हातात हातोडी दिली. "बापू, तुमाले उंच चढायची लय हौस हाय. चढा मंग." ज्वारी विकली, अर्ध्या छपराचे पत्रे आले. उरलेल्या अर्ध्यावर तुराट्या आणि गवत घालायचं ठरलं. महादबा काठी आपटत आले. जावयाला पत्र्यावर चढवलं म्हणजे काय! वस्तीत कोणी ऐकलंय असं? बाई खालूनच ओरडली, "जवाई हाय म्हनून वर चढवला. चोर असता त झाडाले बांधला असता!" यावर वरून दादारावच हसले. ते आल्यापासून पहिल्यांदा मोकळं हसले. सदरा काढून ठेवला होता, पेनही. खिळा ठोकायला त्यांचा हात फार चांगला होता, हे त्यांनाही आधी माहीत नसावं. छप्पर पुरं होईस्तोवर ते राहिले. आणि रोज कुठल्या न कुठल्या घरी जेवायला जात, पण आता बाया त्यांना काही सांगायला लावत नसत.

मिरगाने झोडपलं. पत्र्याखालचा भाग कोरडा, गवताखालचा गळका, पण भिंती जागच्या हलल्या नाहीत. माझा वर्ग अर्ध्या विहारात दाटीवाटीने भरला, गुडघ्याला गुडघा लावून. बाई सगळ्यात पुढे, पाटी मांडीवर. मी 'क' काढला की ती शेजारणीच्या पाटीत डोकावून बघायची, की हिच्याकडेही तोच आलाय ना! दुसऱ्या वर्षीच्या मुठींतून उरलेलं छप्पर झालं. दादाराव दिग्रसलाच राहिले, पत्र्याची कामं घ्यायला लागले. सुमनच्या हातात पाटल्या मात्र परत आल्या नाहीत, काचेच्या बांगड्या आल्या. तिच्या सांगण्याप्रमाणे त्यांचा आवाज जास्त होतो.

बाईला पोचवून आलो त्या संध्याकाळी अंगणात हीच गोष्ट निघाली. कोणी शेवया सांगितल्या, कोणी भजी. दादारावांनी स्वतः नाडी सैल केल्याची नक्कल करून दाखवली. सुतकात इतकं हसलेलं मी पाहिलं नाही, आणि कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. बाई असती तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली असती.

मी घाटंजीला परत आले. गेल्या आठवड्यात शाळेत एक गृहस्थ आले. बूट चकचकीत, बोलणं लोणी. मास्तरांनी पगारातला थोडा भाग दर महिन्याला त्यांच्याकडे द्यायचा, ते कापसाच्या सौद्यात फिरवणार, आणि वर्षाअखेरीस आमचं सोनं होणार. हेडमास्तर डोळे विस्फारून ऐकत होते. एक मास्तर तर खिसाही चाचपायला लागले होते. आणि माझ्या तोंडून, खरं सांगते, मला काही कळायच्या आत निघून गेलं, "साहेब, लय चांगली गोष्ट हाय. आता असं करा, आमच्यातल्या प्रत्येकाच्या घरी जेवायला चला. जेवता जेवता घरच्या बाईले समजावून सांगा. जे हो म्हनीन, तिच्या घरचा पगार तुमचा." मग सगळी खोली हसायला लागली. गृहस्थांना एकदम आठवलं, की त्यांना पांढरकवड्याची गाडी धरायची आहे.

ते गेल्यावर हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले, "बाई, हे कुठं शिकलात हो?" मी सांगायला तोंड उघडलं... आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, भर शाळेत, सगळ्या मास्तरांसमोर मला रडू कोसळलं.