अथेन्सच्या देवळात आई अनवाणी

मंडळी, ग्रीसहून परत येऊन आठवडा झाला. आज दुपारी जर्सी सिटीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये शेजारच्या काकूंना ट्रिपचे फोटो दाखवत होतो. लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. एकूण सहाशे फोटो.

अथेन्सच्या टेकडीवरचं ते प्रसिद्ध देऊळ आलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अरे, मागे तुझी आई अनवाणी का?"

मी झूम केलं. पुढे माझी बायको पोज देतेय आणि मागे आई हातात चपला धरून चाललीय. पुढच्या फोटोत ती खांबांमागे दिसेनाशी झालेली.

त्या दिवशी आई वीस मिनिटं सापडत नव्हती. ग्रुपची बस तिच्यासाठी थांबली होती, म्हणून मी चिडलो होतो. हातातल्या चपला बघून मला वाटलं, चावत असतील. संध्याकाळी नवे सँडल घेऊन दिले. तिने मुकाट्याने घातले.

आज स्वयंपाकघरातूनच ती म्हणाली, "देऊळ होतं ना रे. प्रदक्षिणा घातली. मोठं आहे, वेळ लागला."

"अगं, पण आत देव कुठे होता?"

"नाहीये ना. आता कोण घालतंय तिथे प्रदक्षिणा? म्हटलं, आलोय तर आपण घालावी."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू फोटो काढत होतास."

तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं असेल तर सांगा, त्या देवळाची मागची बाजू कशी आहे? माझ्या सहाशे फोटोंत ती नाही.