साहेबाच्या टाकीतला पाहुणा

गुरुदत्त पाळंदे हा काही कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हता. शिकागोजवळचं शॉमबर्ग आणि आसपासची चाळीसेक मराठी घरं त्याची साक्ष देतील. कुणाची गाडी बर्फात रुतली तर फावडं घेऊन धावणारा, कुणाची आई पहिल्यांदाच अमेरिकेला येणार असली तर विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवणारा, मंडळाच्या गणपतीत सगळे जेवून गेल्यावर हॉल झाडणारा असा तो होता. अशा माणसाला एका बोटभर माशावरून सव्वा वर्ष पोटशूळ उठला होता, हे सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. पण उठला होता, आणि चांगलाच उठला होता.

मिरजेहून निघून तो १९७१ साली इकडे आला. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, रेखासारखी धोरणी बायको, एकुलती एक मुलगी सुलेखा आणि बैठकीच्या खोलीत वीस गॅलनची माशांची टाकी, एवढा त्याचा संसार. टाकीत रंगीत शेपट्यांचे गप्पी, निळे टेट्रा आणि तळाशी वाळू हुंगत फिरणारे मिशाळ मासे. मंडळात त्याला ‘माशांचे पाळंदे’ म्हणत. कुणी नवी टाकी घेतली की पहिला फोन त्याला यायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कसं घालवायचं, हीटर कुठे लावायचा, हे तो अर्धा अर्धा तास समजावून सांगायचा, आणि फोन ठेवल्यावर त्याला दोन घास जास्त जायचे.

रविवारी सकाळी टाकीचं पाणी बदलायचं काम त्याचं आणि सुलेखाचं. ती पाच वर्षांची असल्यापासून नळीचं टोक धरून बादलीजवळ बसायची. शाळेत जायला लागल्यावर तिने मराठी सोडली, बापाने मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायला लागलं. पण रविवारची ती बादली सुटली नव्हती. एकदा गप्पीला पिल्लं झाली, तेव्हा मोठे मासे ती गिळून टाकतील म्हणून तिने एक पिल्लू जॅमच्या बाटलीत वेगळं काढून वाढवलं. त्याची शेपटी पुढे लालभडक झाली. त्याचं नाव लाल्या.

आणि मग १९८४च्या उन्हाळ्यात सांता क्लाराहून प्रसन्न कर्णिक इकडे बदलून आला. तीस वर्षांचा, हसरा, कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून चहा टाकणारा. गुरुदत्त त्रेचाळीसचा होता, तरी प्रसन्नाने पहिल्याच भेटीत त्याला ‘काका’ करून टाकलं. प्रसन्नाची बायको प्रतिमा हिने दर रविवारी दुपारी आपल्या अपार्टमेंटमध्ये मुलांसाठी मराठीचा वर्ग सुरू केला. सगळ्यांनी आपापली पोरं तिकडे घातली, गुरुदत्तनेही सुलेखाला घातलं.

त्या सालच्या कोजागिरीला दूध आटत असताना माशांचा विषय निघाला. प्रसन्न म्हणाला, त्याला टाकीत बेट्टा ठेवायचाय, आपल्याकडे ज्याला फायटर म्हणतात तो. गुरुदत्तने मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

‘‘फायटर एकटाच ठेवायचा. दुसऱ्या माशांत सोडलास तर दोन दिवसांत टाकी साफ करेल. लिहून ठेव.’’

प्रसन्नाने लिहून काही ठेवलं नाही. त्याने टाकीत भरपूर वनस्पती लावल्या, आधी मिशाळ मासे आणि साधे, आखूड शेपटीचे टेट्रा सोडले, ते रुळू दिले, आणि सगळ्यात शेवटी एक गर्द निळा बेट्टा आणला. तो मासा टाकीत असा फिरायचा, जसा जमीनदार संध्याकाळी शेतावर चक्कर मारतो. कुणाच्या वाटेला जायचा नाही. मुलांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. महिन्याभरात अख्खं मंडळ साहेब बघून आलं. ‘‘पाळंदे, तुम्ही तर म्हणाला होतात टाकी साफ करेल!’’ असं चौघांनी तरी हसत हसत ऐकवलं. गुरुदत्तही हसला. त्या रात्री त्याने रेखाला तीनदा सांगितलं की आज ना उद्या तो मासा जातीवर जाणारच.

‘‘जाऊ दे की,’’ रेखा म्हणाली. ‘‘आपल्या घरी थोडाच येणारे?’’

पण आपल्याच घरी आला होता तो. रविवारी वर्गाहून सुलेखा परतायची ती साहेबाच्या गोष्टी घेऊन. प्रतिमा वर्ग टाकीसमोरच घ्यायची. साहेब काय करतोय? साहेब कुठे लपलाय? मुलांनी मराठीत सांगायचं. सहा वर्षं ज्या मुलीच्या तोंडून बापाला एक सरळ मराठी वाक्य मिळालं नव्हतं, ती एकदा गुरुदत्त घ्यायला गेला तेव्हा प्रसन्नाला सांगत होती, ‘‘काका, साहेब पानाखाली झोपलाय, त्याला उठवू नका.’’ गुरुदत्त दारात बूट न काढता उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता, हे त्याला कळत होतं. झाला मत्सर.

पुढे तिने रविवार सकाळची बादलीही सोडली. गृहपाठ राहिलाय म्हणाली. तो गृहपाठ प्रतिमाच्या वर्गाचा होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. फायटरबद्दल गुरुदत्त बोलला ते पोकळ नव्हतं. सुलेखा सात वर्षांची असताना माशांच्या दुकानात तिने बेट्टा मागितला होता. तेव्हा त्यानेच तिला समजावलं होतं, की लांब शेपटीचा गप्पी दिसला की फायटरला वाटतं हा दुसरा फायटर आला, आणि मग तो त्याला जिवंत सोडत नाही. प्रसन्नाच्या टाकीत गप्पी नव्हते. म्हणून साहेबाचं साधुपण टिकून होतं. हे गुरुदत्तला लख्ख कळत होतं, आणि कुणी विचारत नव्हतं.

१९८५च्या डिसेंबरात कर्णिक तीन आठवड्यांसाठी इंडियाला निघाले. आपल्यात रीतच आहे, कुणी देशात गेलं की घराची किल्ली दुसऱ्याकडे. झाडांना पाणी, पत्रपेटी, हीटिंग, सगळं तो बघणार. प्रसन्न किल्ली घेऊन गुरुदत्तकडेच आला.

‘‘काका, मासे दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची माझी हिंमत नाही. तुम्ही आहात म्हणून निश्चिंत जातोय.’’

सोबत एक कागद होता. सोम, बुध, शुक्र, रविवारी खाणं, चिमूटभर. चिमूट म्हणजे किती, तेही कंसात लिहिलं होतं. गुरुदत्तने कागद दोनदा वाचला आणि फ्रिजवर लावायचा सोडून खणात टाकला.

दोन आठवडे त्याने चोख काम केलं. बर्फ पडत असतानाही गाडी काढून गेला. सुलेखा हौसेने बरोबर यायची, पण गाडीतून उतरली की पळत टाकीपाशी, आणि मग बाप तिथे आहे की नाही याचं तिला भान नसायचं. काचेला नाक लावून ती साहेबाशी मराठीत बोलायची. गुरुदत्त मागे उभा राहून झाडांना पाणी घालायचा.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी नाश्त्याला तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, ‘‘तुझा साहेब गरीब आहे म्हणतेस ना? मग लाल्याला नेऊ या का त्याच्याकडे? पाहुणा म्हणून.’’

सुलेखाने चमचा खाली ठेवला. ‘‘विल लाल्या बी ओके?’’

‘‘तुला काय वाटतं?’’

तिने विचार केला. ‘‘साहेब वोन्ट डू एनिथिंग. ही इज नाइस टू एव्हरीबडी.’’

‘‘मग झालं तर,’’ गुरुदत्त म्हणाला. रेखा ओट्याशी पाठमोरी होती, तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो उठून लाल्याला पिशवीत घ्यायला गेलासुद्धा. त्याने मनाशी ठरवलं होतं, हा प्रयोग आहे. जाळी हातात धरायची, साहेबाने रंग दाखवला रे दाखवला की लाल्याला उचलायचं. कुणाचं नुकसान नाही. फक्त एकदा त्या पोरीने आपल्या डोळ्यांनी बघावं.

प्रसन्नाच्या घरी पोचल्यावर त्याने पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. पंधरा मिनिटांनी गाठ सोडली. लाल्या बाहेर आला, जरा बावरला, मग लाल शेपटी पसरून वनस्पतींमधून निघाला. साहेब कोपऱ्यातून वळला. त्याचे कल्ले छत्रीसारखे उघडले. पोरीने तसं त्याला कधी पाहिलंच नव्हतं. ती हसली, तिला वाटलं तो पाहुण्याला नाच दाखवतोय.

पुढचं इतक्या झटक्यात झालं की जाळी गुरुदत्तच्या हातातच राहिली. खरं म्हणजे राहिली नाही, त्याने ती तशीच धरून ठेवली. एक क्षण, दोन क्षण. नीट दिसू दे तिला, असं त्याच्या मनात आलं होतं, हे तो पुढे जन्मभर नाकारू शकला नाही. मग त्याने जाळी घातली, पण साहेब लाल्याला घेऊन दगडांच्या फटीत शिरला होता. सुलेखाने बाही वर न करता खांद्यापर्यंत हात आत घातला आणि लाल्याला ओंजळीत बाहेर काढलं. शेपटी उरलीच नव्हती. तो दोनदा तोंड उघडून निपचित पडला. साहेबाच्याही परांचा एक तुकडा दगडाला अडकून फाटला होता, आणि तो आता टेट्रांच्या मागे लागला होता.

‘‘बघ,’’ गुरुदत्त म्हणाला. ‘‘मी म्हणत होतो ना?’’

सव्वा वर्ष हे वाक्य त्याने जपून ठेवलं होतं. सुलेखा साहेबाकडे बघत नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या बाहीतून पाणी गालिच्यावर गळत होतं.

‘‘यू टोल्ड मी,’’ ती म्हणाली. ‘‘व्हेन आय वॉज लिटल. अबाउट द टेल्स. यू न्यू, बाबा.’’ मग हळूच, ‘‘यू वॉन्टेड साहेब टू डू इट.’’

परतताना ती मागच्या सीटवर बसली.

त्यानंतरच्या शनिवारी कर्णिक परतले, आणि रविवारी संध्याकाळी प्रसन्न बाकरवडीचा पुडा घेऊन किल्ली न्यायला आला. पाणी झालं, चहा झाला. गुरुदत्त वाट बघत होता, आणि विषय निघालाच.

‘‘काका, साहेबाचं काहीतरी बिनसलंय. पर फाटलाय, आणि सगळ्यांच्या अंगावर जातोय. शेवटी आज त्याला बरणीत वेगळा काढला. आम्ही नसताना काही झालं होतं का?’’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ‘‘तुमच्या लक्षात आलं असेल, म्हणून विचारतो.’’

गुरुदत्तने कप बशीत ठेवला. काय सांगावं हे त्याने आठवडाभर घोकलं होतं. हीटर, पाण्याचं तापमान, माशांचा स्वभाव. तो सुरुवात करणार तेवढ्यात जिन्यावरून सुलेखा खाली आली.

‘‘मी केलं, काका,’’ ती मराठीत म्हणाली. ‘‘मी लाल्याला साहेबाच्या टाकीत टाकलं. मला बघायचं होतं. बाबांना माहीत नव्हतं.’’

तिने बापाकडे पाहिलं नाही. ज्या माणसाच्या शाबासकीसाठी ती दर रविवारी धावत जायची, त्याच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. स्वयंपाकघराच्या दारात रेखा हातातला कपडा घट्ट धरून थांबली होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि ती नवऱ्याचं तोंड उघडायची वाट बघत होती.

‘‘ती नाही,’’ गुरुदत्त म्हणाला. ‘‘प्रसन्न, तिने नाही. मी टाकला तो मासा. मला माहीत होतं काय होणार ते. तुझा साहेब भांडतो हे हिला दाखवायचं होतं मला.’’

प्रसन्न एकदा त्याच्याकडे, एकदा पोरीकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर सावकाश हसू पसरलं. तो उठला, सुलेखाच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी मला विचारायचं हं, चिमणे.’’

‘‘अरे, मी खरं सांगतोय,’’ गुरुदत्त म्हणाला.

‘‘कळलं, काका.’’ प्रसन्नाने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे पाणावले होते. ‘‘तुमच्यासारखा जाणता माणूस असं करेल का? पोरीची चूक अशी स्वतःवर घेणारा बाप मी पाहिला नव्हता. सुलेखा, नशीबवान आहेस. बघून ठेव तुझ्या बाबांना.’’

सुलेखाने मान वर केली आणि बघितलं.