दुसऱ्याच्या पाठीवर छापलेला रिपोर्ट

राजापेठेतल्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट छापायचे आणि पाकिटात घालायचे, हे माझं काम. कागद कमी लागावा म्हणून लॅबच्या डॉक्टर सरांनी दोन्ही बाजूंनी छापायला लावलं होतं. सरांचं डोकं, आम्ही कोण बोलणारे!

एके दिवशी परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या बाबांचा मुलगा तणतणत आला. बाबांच्या कागदावर एका बाजूला त्यांचं नाव आणि साखर होती, दुसऱ्या बाजूला किडनी निकामी झाल्याचे आकडे. ते आकडे आधीच्या पेशंटचे होते. पण नाव फक्त पहिल्या पानावर असतं, घरच्यांना काय कळणार? दोन दिवस त्यांच्या घरी चूल पेटली नव्हती. सरांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हिचंच लक्ष नसते. आजच काढून टाकतो हिले." मुलगा शांत होऊन गेला. मला काही काढलं नाही. सकाळची ती गर्दी दुसरं कोण झेलणार होतं?

प्रिंटर तपासायला इंजिनिअर आला, त्याने एक रिपोर्ट छापला, बरोबर निघाला. "मशीन ओके आहे. ऑपरेटरले सांभाळा," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. अस्सा संताप आला! मी आठवडाभर प्रत्येक कागद उलटून पाहिला. घोळ व्हायचा तो फक्त गर्दीत. मग इंजिनिअरला परत बोलावलं, शेजारी बसवलं आणि तीन पानांच्या रिपोर्टमागे लगेच दुसरा सोडला. दुसऱ्याचं पहिलं पान पहिल्याच्या तिसऱ्या पानाच्या पाठीवर छापून आलं.

"आता बोला भाऊ!"

त्याने डोकं खाजवलं. एक रिपोर्ट कुठे संपला, हे कॉम्प्युटर प्रिंटरला सांगतच नव्हता. निवांत वेळी प्रिंटर थोडी वाट पाहून कागद बाहेर टाकायचा. गर्दीत मात्र दोन माणसांचे रिपोर्ट एकच समजून छापत सुटायचा. सॉफ्टवेअरमध्ये 'इथे संपलं' ही खूण घालायची राहिली होती. दहा मिनिटांचं काम. सर म्हणाले, "वा, इंजिनिअरसाहेब!"

मी म्हटलं, "सर, परतवाड्याला एक फोन करा. माझी चूक नव्हती, एवढंच सांगा."

"झालं न आता. कायले उकरून काढून राहिली?"

बाबा दर तीन महिन्यांनी साखर तपासायला येतात. ते रिक्षातून उतरताना दिसले की सर मला आतल्या खोलीत पाठवतात. बाबांच्या लेखी मला काढलेलं आहे ना! परवाही मी आत होते. पडद्यापलीकडून बाबांचा आवाज आला.

"डॉक्टरसाहेब, त्या पोरीचं काय झालं हो? माह्यापायी तिची नोकरी गेली. मले लय वाईट वाटते."

"लागली असन कुठंतरी," सर म्हणाले.

बाहेर यायला दोन पावलं होती. बाबा पायऱ्या उतरून जाईपर्यंत मी फ्रिजला टेकून उभी राहिले. सरांचा राग येतोच, पण माझ्या त्या उभं राहण्याचा त्याहून जास्त येतो.