बाराच्या आत

आठ वर्षांपूर्वी धोंडिबा दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला गेला, भन्तेंकडून शील घेऊन, डोकं भादरून चीवर नेसला, तेव्हा गावात, बेडशात, पैजा लागल्या होत्या की हा काही परत यायचा नाही. अकराव्या दिवशी गडी शर्ट-पँट घालून कंपनीत फिटरच्या कामावर हजर! पण अंगावरचं चीवर उतरलं तरी आतला भिक्खू काही उतरला नाही. कपड्यांचे दोनच जोड. जेवलेलं ताट स्वतः घासायचं. कुणाची चहाडी करायची नाही, त्यामुळे कँटीनमध्ये त्याच्याशी गप्पा मारायला लोक कंटाळायचे. आणि दर पौर्णिमेला अष्टशील, म्हणजे दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. "एवढंच हाय तर डोंगरातल्या लेन्यात जाऊन ऱ्हावा की," असं बायको शालन करवादायची, आणि पौर्णिमेला अकरालाच भाकरी थापायला बसायची.

लेकीचं, यशोधराचं, आंबीला जमत आलं. पोरगा तिनंच पसंत केलेला. घर बघायला जायचा रविवार धोंडिबानंच सुट्टी बघून ठरवला. पौर्णिमा बघायची तेवढी राहिली. सकाळी लक्षात आलं तरी त्यानं शील घेतलंच. अकराला पोचू, साडेअकराला जेवू, त्यात काय!

पोचले अकरालाच. पण मुलाचा मामा कुरवंड्याहून निघालेला, आणि लोणावळ्यात रविवारची गर्दी. मामाशिवाय पंगत कशी बसणार? मामा उगवला पाऊण वाजता. ताटात पुरणपोळी पडली, वर तुपाची धार, आणि धोंडिबानं हात जोडले.

"पोट बिघडलंय म्हना," शालन कानाशी लागली. पण खोटं बोलणंही शीलात बसत नव्हतं. त्यानं खरं ते सांगून टाकलं. यशोधराचा चेहरा खर्रकन उतरला.

मुलाचे आजोबा, भिकाजीआबा, सगळं ऐकून हळूच म्हणाले, "पावनं, माझ्या आयच्या हातची भाकर गावात कुनी घेत न्हवतं. आज तुमी न्हाई म्हनता. कारन येगळं हाय, समजतंय मला. पर ताट तसंच भरल्यालं ऱ्हातंय."

धोंडिबाला भडभडून आलं. आठ वर्षांत एकदाही न चुकलेलं शील एकीकडे, आणि हा म्हातारा एकीकडे. फार विचार करावा लागला नाही. तो सरकत आबांच्या शेजारी जाऊन बसला. "आबा, पयला घास तुमी भरवा."

"आन् तुमचं शील?"

"आज मोडलं. उद्या पुन्ना घेतो."

आबांनी घास भरवला. मग त्या फिटरनं चार पोळ्या हाणल्या, आणि तारीख पक्की करूनच मंडळी उठली. यशोधरा तर वाटभर गाणं गुणगुणत होती.

पुढच्या पौर्णिमेला बरोबर साडेअकराला कंपनीत धोंडिबाचा फोन वाजला, पलीकडे आबा. "पावनं, घड्याळ बगा! जेवलासा का न्हाई अजून? बारा वाजाय आलं!"

तेव्हापासून एकही पौर्णिमा तो फोन चुकलेला नाही. परवा कँटीनमध्ये एकानं विचारलंच, एवढं दटावतंय कोण? धोंडिबा डबा उघडत हसला.

"आमचे भन्ते," म्हणाला.