छगनशेठची चाळ रिकामी करणारी बाई

सुरतेच्या गोडादऱ्यातली छगनशेठची चाळ म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये एक नळ आणि वर सिमेंटचे पत्रे. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्यांखाली दुपारी झोपणं म्हणजे तापल्या तव्यावर अंग टाकणं. आणि कापडाच्या लूमवर रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दुपारीच झोपावं लागतं.

वत्सलाचा नवरा निंबा कायमचा रात्रपाळीचा. पारोळ्याकडचं गाव सोडून दोघं सुरतेला आली तेव्हा छगननेच त्यांना खोली दिली होती. तो त्यांच्याच भागातला, तोंडाने गोड. "आपलीच माणसं, तुमच्याकडे कसलं डिपॉझिट मागू?" असं म्हणाला होता. वत्सला तेव्हा त्याला भाऊ म्हणायची. राखीपौर्णिमेला त्याला ओवाळलंही होतं तिने, हे तिला आता आठवलं की स्वतःचाच हात झटकावासा वाटतो.

चंचल त्याच खोलीत लहानाची मोठी होत होती. चार वर्षांची असताना एका दुपारी तिचं अंग तापलं, डोळे फिरले आणि हातपाय ताठ झाले. डॉक्टर म्हणाले, "उष्णतेने झालंय. खोली थंड ठेवा." खोली थंड ठेवा! जणू पत्र्याला बटण असतं. लेकराला एकदा आकडी आली की आई पुन्हा पहिल्यासारखी झोपत नाही. झोपली तरी तिचा एक हात पोराच्या कपाळावर जागाच असतो.

वत्सला साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायची. त्या पैशांतून तिने चुना आणला, त्यात डिंक कालवला आणि निंबाला शिडी धरायला लावून स्वतः पत्र्यावर चढली. हात भाजले, पायांना फोड आले, पण थरावर थर देऊन तिने पत्रा दुधासारखा पांढरा केला. आणि खरंच, खोली निवली. शेजारच्या बाया दुपारी आपली टिकल्यांची कामं घेऊन तिच्याकडे येऊन बसू लागल्या.

एके दिवशी छगनशेठही आला. पाणी प्याला, वर बघितलं आणि म्हणाला, "वा वत्सला, तू तर एसीच बसवलास की!"

पुढच्या महिन्यात त्याने त्या खोलीचं भाडं वाढवलं. निंबाला ते झेपेना. मग छगनने भाचा ललितला पाठवून त्यांचं सामान उचललं आणि संडासाशेजारच्या शेवटच्या खोलीत नेऊन टाकलं. पांढऱ्या खोलीत पुष्पाबाई नावाची विधवा बाई आपल्या अंथरुणाला खिळलेल्या सासूला घेऊन राहायला आली. वाढीव भाडं ती हसत द्यायला तयार होती म्हणे. वत्सलाने शेवटच्या खोलीलाही चुना लावायचं ठरवलं, तर छगनने दारातच बोट नाचवलं. "पत्र्याला हात लावायचा नाही. माझी मालमत्ता आहे."

त्याच आठवड्यात चंचलला दुसऱ्यांदा आकडी आली.

त्या दिवशी वत्सला ओरडली नाही, रडली नाही, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. लेकीचं अंग ओल्या फडक्याने पुसता पुसता तिने एवढंच ठरवलं, की या माणसाचं पोट ज्या भाड्यावर भरतं तेच आटवायचं. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण सूड हा दह्यासारखा असतो, विरजण लावल्यावर तो हलवायचा नसतो, हे तिला ठाऊक होतं.

पुष्पाबाईसाठी मात्र तिने वेगळी शिक्षा काढली. तिच्याशी कुणी बोलायचं नाही. "खोलीखाऊ बाई" असं नाव तिने चाळीत पसरवलं, आणि वत्सलाचं ऐकणाऱ्या बाया चाळीत कमी नव्हत्या.

वर्षभराने घरं बांधणाऱ्या एका संस्थेच्या अश्विनीबेन चाळीत आल्या. कामरेजच्या रस्त्याला संस्थेकडे जमीन होती. भट्टीत न भाजलेल्या, राखेच्या विटांच्या भिंती, ऊन परतवणारं पांढरं छत, पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकी. संस्था नफा घेणार नव्हती.

"नफा नाही?" म्हातारा सखाराम हसून हसून खोकायला लागला. "बेन, सुरतेत नफ्याशिवाय कोणी शिंकत पण नाही."

अश्विनीबेन चिडल्या नाहीत. त्यांनी हिशोब समजावला. पर्यावरण सांभाळून बांधलेल्या घरांना कमी व्याजाने पैसे देणारी एक वित्तसंस्था होती. तिच्या अटी दोनच. एक, घर त्यालाच, ज्याच्या नावावर कुठेही घर नाही. दोन, इमारतीतल्या सगळ्या घरांना माणसं मिळाल्याशिवाय कर्जाचा पहिला हप्ता सुटणार नाही. कामगारांना पगार रोख मिळतो, पगाराची चिठ्ठी कुणाकडेच नाही, म्हणून पाच-पाच कुटुंबांचे गट करायचे आणि एकमेकांना जामीन राहायचं. सुरुवातीला थोडी रक्कम रोख भरायची, पुढे महिन्याचा हप्ता छगनच्या भाड्यापेक्षा फार जास्त नव्हता.

सगळ्या बाया छताचं चित्र बघत होत्या. वत्सला चाळीकडे बघत होती. या खोल्यांतून एकेक कुटुंब उठून गेलं तर? तिच्या छातीत इतके दिवस दबून राहिलेलं काहीतरी उठून बसलं.

त्यानंतर ती दारोदार फिरली. कुणी म्हणालं, पांडेसऱ्याची मिल लांब पडेल. तिने बसचा रस्ता सांगितला. कुणी म्हणालं, राखेची भिंत पावसात विरघळेल. तिने संस्थेकडून एक वीट मागून आणली आणि ती नळाखाली बादलीत बुडवून ठेवली. बाया येता-जाता तिला नख मारून बघायच्या. छगनला हे कळलं तसं त्याने नळाचं पाणी तासाऐवजी अर्धा तास केलं. त्यामुळे चार कुटुंबं आणखी फुटली, वत्सलाला ती समजवावीही लागली नाहीत. प्रत्येक होकार आला की ती घरी येऊन चंचलच्या केसांना तेल लावत बसे, आणि निंबा म्हणे, "आज कुणाचा बळी घेतलास? चेहरा फुललाय."

सगळ्या दारांवर ती गेली. एक दार सोडून.

शेवटी एकच घर उरलं, आणि तेही तिच्याच गटात. तिच्या गटात चारच कुटुंबं जमली होती. वित्तसंस्थेने दिलेल्या मुदतीच्या आदल्या दिवशी अश्विनीबेननी तिला बोलावून घेतलं आणि आनंदाने सांगितलं, "वत्सलाबेन, पाचवं कुटुंब मिळालं. तुमच्या चाळमालकाचा भाचा, ललित. सगळे पैसे तयार आहेत त्याचे."

वत्सला ताडकन उभी राहिली.

"बेन, ते पैसे छगनचे आहेत. भाचा नावाला. घर छगन घेणार आणि भाड्याने देणार. उद्या आमच्या जिन्यात तो भाडं मागत फिरेल."

"मला पटतं. पण कागद बराबर छे. ललितच्या नावावर काहीच नाही, मी कशाच्या जोरावर नाही म्हणू? उद्या दुपारपर्यंत दुसरं कुटुंब आणा, मी त्यांचं घेते. नाही आणलं तर मला ललितला घ्यावं लागेल. नाहीतर हप्ता सुटणार नाही आणि सगळ्यांचीच घरं जातील."

म्हणजे छगनच्या पैशाला वत्सलाने जामीन राहायचं! घरी येईपर्यंत तिने ओळखीची सगळी माणसं मनात चाळून काढली. ज्यांना यायचं होतं ती आली होती. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्याकडे एका दिवसात येणार नव्हते. उरलं ते एकच दार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला रांग असताना ती पांढऱ्या खोलीपुढे जाऊन उभी राहिली. पुष्पाबाई सासूच्या चादरी पिळत होती. मान वर न करता म्हणाली,

"तू कसाले उनी आठे? इकडे कशी आलीस, वाट चुकलीस का?"

"घर आहे एक. कामरेज रोडला. तुमच्याकडे पैसे असले तर दुपारी सही करायला चला."

"अगं बाई! सगळी चाळ फिरलीस तेव्हा माझंच दार तुला दिसलं नव्हतं. आज डोळ्यांत कसलं औषध घातलंस?"

रांगेतल्या बाया वळून बघू लागल्या. भांडी खाली ठेवली गेली.

"पैसे आहेत माझ्याकडे," पुष्पाबाई म्हणाली. "कागदही आहेत. मी स्वतः तीन बायांना विचारलं, मला गटात घ्या. एकीनेही घेतलं नाही. तू कान भरले होतेस सगळ्यांचे. आणि आता का उनी, ते पण सांगते. त्या ललितचं नाव आलंय, म्हणून. माझी दया नाही आली तुला."

"नाही आली," वत्सला म्हणाली. "छगनला घर मिळू द्यायचं नाही, म्हणून आले. खोटं कशाला बोलू?"

पुष्पाबाई पहिल्यांदाच हसली. "हे बरं बोललीस. मग माझंही ऐक. छगनने मला सांगितलं होतं, आधीच्या बाईने भाडं बुडवलं म्हणून काढली. मला काय स्वप्न पडलं होतं? इतके दिवस मला खोलीखाऊ म्हणवलंस. आता इथे, या नळावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, की पुष्पाने कुणाची खोली खाल्ली नाही. मग येते."

वत्सलाच्या जिभेवर निखारा ठेवल्यासारखं झालं. मागे वळून घरी जावं असं वाटलं. तेवढ्यात चाळीच्या तोंडाशी ललित मोटारसायकल लावताना दिसला. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल.

ती नळाकडे वळली. आवाज चढवून म्हणाली, "ऐका गं! पुष्पाबाईने माझी खोली खाल्ली नाही. छगनने काढून तिला दिली. मी नाव ठेवलं ते खोटं होतं."

"अजून मोठ्याने. सासूला कमी ऐकू येतं."

ती अजून मोठ्याने म्हणाली. आतून म्हातारीचा आवाज आला, "कोन मरनं वं?" रांगेत हशा पिकला. वत्सलाचे कान तापले, पण ती हलली नाही. पुष्पाबाईने चादर झटकून दोरीवर टाकली आणि पिशवी घ्यायला आत गेली.

दुपारी संस्थेच्या कार्यालयात छगन स्वतः आला होता. पुष्पाबाईची सही होताना बघून त्याचा चेहरा आंबला. बाहेर पायरीवर त्याने वत्सलाला गाठलं.

"आपल्याच माणसाचा घात करतेस? परमुलखात तुला खोली कोणी दिली होती?"

"तूच दिलीस, भाऊ," वत्सला म्हणाली. भाऊ हा शब्द तिने मुद्दाम वापरला. "आणि काढलीसही तूच. माझी पोरगी ताठ होऊन पडली होती तेव्हा तू कुठे होतास?"

"पोरं आजारी पडतच असतात."

तो हे बोलला नसता तर कदाचित वत्सलाचा राग तिथेच संपला असता. सही झाली होती, हप्ता सुटणार होता, घर मिळणार होतं. पण ते वाक्य ऐकलं आणि तिला कळलं, की या माणसाचा हिशोब अजून बाकी आहे.

इमारत उभी राहायला दीड वर्ष लागलं. वत्सला तिसऱ्या मजल्यावर राहते. चंचल आता शाळेत जाते. अजूनही मे महिन्यात वत्सला रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावते, आणि कपाळ गार लागलं तरी पुन्हा एकदा लावून बघते. पुष्पाबाई खालच्या मजल्यावर आहे. दोघींचं पटत नाही. पुष्पाबाईचा हप्ता एक दिवस उशिरा गेला तर वत्सला जिन्यातून विचारते आणि पुष्पाबाई जिन्यातूनच उत्तर देते, सगळ्या इमारतीची करमणूक होते. पण हप्ता दोघींचाही चुकत नाही.

संस्थेने वत्सलाचा शाल देऊन सत्कार केला. पाहुणे म्हणाले, या भगिनीने पर्यावरणाचं मोठं काम केलं. वत्सलाने मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली.

छगनची चाळ जेमतेम दोन महिने ओस पडली. सुरतेत खोली रिकामी राहत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून नवी माणसं आली आणि तेच भाडं देऊ लागली. ही बातमी कळली तेव्हा वत्सला दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती अश्विनीबेनकडे गेली आणि विचारलं, "शेजारची जमीनही आपलीच आहे ना? दुसरी इमारत कधी काढता?"

परवा ती गोडादऱ्यात गेली होती. पहिल्याच दारात एक तरुण बाई पोराला मांडीवर घेऊन पुठ्ठ्याने वारा घालत होती. पत्रे तापले होते. वत्सला दारातच टेकली.

"कुठल्या गं तुम्ही?"

"हिंगोलीकडच्या. तुम्ही मालकाच्या कोणी का?"

"नाही गं बाई," वत्सला पदराने घाम पुसत म्हणाली. "आधी तांब्याभर पाणी दे. मग सांगते मी मालकाची कोण ते."