दात पाहून केलेला जावई

मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. एसटीतून उतरताना थुंकायचं राहिलं आणि अंगणात भावी सासरे समोर. मी तो गिळून टाकला. डोळ्यांत पाणी तरारलं. पोरगा हळवा आहे, असं इतरांना वाटलं असावं. सासऱ्यांना नाही. ते म्हणाले, "पगार त कोणालेही राह्यते, पाव्हणे. दात दाखवा."

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. आमचे मामाजी माणसाचे दात आधी पाहायचे, चेहरा मग. खापरखेड्यापलीकडे कन्हानच्या काठी त्यांचं धिवरांचं गाव. जन्मभर पोट मासोळीवर. फेकजाळं हातानं फेकतात, हा आपला गैरसमज. थोडं जाळं खांद्यावर, थोडं हातात, आणि शिशाच्या मण्यांची कड दातांत. अंगाला पीळ देऊन नेमक्या वेळी तोंड उघडलं, की जाळं पाण्यावर ताटासारखं गोल पडतं. "तोंड कवा उघडाचं, एवढंच शिकाचं राह्यते," ते म्हणत आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहत.

मामाजींचे पुढचे दात गेले होते. नागपुरातून त्यांनी कवळी बसवून आणली आणि दुसऱ्याच दिवशी नदीवर गेले. जाळं सुरेख पडलं. कवळीही पाठोपाठ गेली. अर्ध्या गावानं बुड्या मारल्या. झिंगे सापडले, कवळी नाही. नवी करायला ते तयार होईनात. "एक देल्ली ना नदीले. आता तिनं चावावं." मुलगा नव्हता, एकच मुलगी. जाळं पुढं फेकणार कोण, हा एकच घोर. माझे दात खर्ऱ्यानं लाल होते, पण पक्के होते. लग्न ठरलं.

खरं तर मीही धिवरच. पण आमच्या आजोबांनी नदी सोडली, त्यामुळे माझा पाण्याशी संबंध नळापुरता; नोकरी नागपूरजवळ वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात. तरी मामाजींनी माझ्यासाठी जाळं विणायला घेतलं. खाटेच्या खुराला दोर बांधायचा आणि बांबूच्या सुईनं विणत बसायचं; घरी कोणीही येवो, मान वर नाही. जाळं फेकणाऱ्याच्या उंचीचं लागतं, म्हणून मला भर जेवणातून उठवून उभं करायचे. "चार बोटं कमीच भरले तुम्ही," म्हणत मान हलवायचे. जणू मलाच कोणी आखूड विणलं होतं.

मग हिवाळ्यातले रविवार नदीवर जाऊ लागले. पहिल्यांदा जाळं माझ्याच अंगावर पडलं. मामाजी गंभीरपणे म्हणाले, "आज मोठं सापडलं." दुसऱ्यांदा तोंड उघडायला उशीर झाला आणि जाळ्यामागोमाग मीही नदीत. जरा पलीकडे दगडावर धुणं धूत बसलेली बायको पदर तोंडात कोंबून हसत होती. असे किती हिवाळे गेले. मी शिकलो एवढंच, की कन्हानचं पाणी थंड असतं.

शेवटच्या हिवाळ्यात मामाजींचा खांदाही गेला. घोंगडी पांघरून ते काठावर बसले होते. म्हणाले, "माह्या मागं हे खुंटीले नका टांगू, जावईबापू. उंदरं खातेत." मी सगळा जीव लावून फेकलं. जाळं गाठोड्यासारखं धप्पकन पडलं. मामाजींनी घोंगडी कानांवर ओढून घेतली. टोमणासुद्धा नाही. मला कधी नव्हे ते खरंच रडू आलं.

तेवढ्यात बायकोनं धुणं ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या हातातून जाळं ओढून घेतलं. कड दातांत धरली, कमरेतून वळली. सगळे मणी पाण्यावर एकदमच टेकले. गोल, अगदी गोल.

मामाजी त्या गोलाकडे पाहतच राहिले. जाळं बुडालं तरी पाहत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "तिथं काही नाही वं, शालू. वरच्या डोहात फेक." आणि माझ्याकडे वळून, "जावईबापू, तुम्ही टोपली धरा."

पुढचा हिवाळा त्यांना दिसला नाही. पण त्या संध्याकाळी ते काठावरून उठायलाच तयार नव्हते.

परतताना स्कूटरवर मी बायकोला विचारलं, "तुला कोणी शिकवलं गं?"

"एवढे हिवाळे बाबा तुम्हाले शिकवून राहिले होते," ती मागून म्हणाली, "कोणाले तरी येणारच होतं ना!"